तो दगड फुटला नव्हता

पास्कू, आधी हे सांगतो, बाकीचं मागाहून. तुझं ते चित्र मी घासून टाकलं. दगड फुटला म्हणून तुला सांगितलं ते साफ खोटं होतं. छपाईचा तो दगड इथंच आहे, फणसवाडीतल्या आपल्या छापखान्यात, तुझ्या खिडकीखाली. साधा टवका उडालेला नाही त्याचा.

"फुटला तर तुकडे दाखव की रे रघ्या," तू म्हणाला होतास. मी म्हटलं, तुकडे कशाला ठेवू, गटारावर फरशी म्हणून टाकायला देऊन टाकले. तू टोपी डोक्यावर चढवलीस नि पायरी उतरून गेलास. भांडला असतास तर बरं झालं असतं. तुझ्या न भांडण्याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

आमच्या रीतीने आज तुझं बारावं. तुमच्यात बारावं नसतं, ठाऊक आहे मला. सातव्या दिवशी तुझ्या नावाचा मिस्सा झाला तेव्हा मी अगदी मागच्या बाकावर बसलो होतो. बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. पाद्रीबाबा घाईत होते, त्यांचाही दोष नाही, त्यांना त्या सकाळी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. पण तुझ्यासाठी काही नीट झालं असं मला वाटलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

तू गेलास तेव्हापेक्षा गिरगाव आणखी रिकामं झालंय. ज्यांना गाव होतं ते तापाच्या भीतीने गावी पळाले. भर दुपारी गल्लीत उभं राहिलं की आपल्याच वहाणांचा आवाज पुढच्या वाडीतून परत येतो. तुझ्या घरावरची कौलं प्लेगवाल्यांनी उतरवली, आत ऊन पडावं म्हणून. भिंतींना चुना मारला, दारावर तांबडं वर्तुळ काढलं. काल त्या दारातून डोकावलो. तुझ्या खाटेवर ऊन पडलं होतं, बरोबर माणसाच्या लांबीरुंदीचं. मी हाक मारली, "पास्कू!" का मारली कुणास ठाऊक. मारली आणि मग ओ येईल की काय म्हणून जो पळत सुटलो तो थेट छापखान्यात. हस मेल्या, हस.

त्या बशांपासून सगळं सुरू झालं. तुझा मामेभाऊ बोटीवर आचारी. त्याने कुठल्या तरी लांबच्या बंदरातून तुला चिनी मातीच्या बशा आणल्या, छापील कागदांत गुंडाळून. बशा तू तशाच फळीवर ठेवून दिल्यास आणि कागदांच्या सुरकुत्या हाताने काढत बसलास. न्यूझीलंड नावाचं बेट आहे, तू म्हणालास, तिथंही हेच सरकार बसलंय, आणि तिथल्या मूळच्या लोकांना माओरी म्हणतात. एका कागदावर थट्टेचं चित्र होतं. एक ढेरपोट्या साहेब, एका हाताने पोरांची पाटी पुढे करतोय आणि दुसऱ्या हाताने पायाखालची जमीन चटईसारखी गुंडाळून काखेत मारतोय. समोर एक म्हातारा, चेहराभर नक्षी गोंदलेला, शेजारी त्याची बायको. खालचा मजकूर तू मला मराठीत सांगितलास. साहेब म्हणतोय, जमीन द्या म्हणजे शाळा देतो. म्हातारा विचारतोय, जमीन तुमच्या काखेत, मग शाळा बांधणार कशावर?

मी खो खो हसलो. तू नाही हसलास.

"कुणाला हसतोस?" तू विचारलंस.

"साहेबाला. आणखी कुणाला?"

"नीट बघ. साहेबाच्या कोटाची एकेक सुरकुती किती मायेने काढलीय. आणि म्हाताऱ्याचे ते फुगवलेले ओठ बघ, वाकडे पाय बघ. बोट साहेबाकडे दाखवलंय, पण चिमटा म्हाताऱ्याला काढलाय."

मी म्हटलं, लोकांना हसू आलं की आपलं काम झालं, आपल्या साप्ताहिकाचे वर्गणीदार काही ओठ मोजत बसत नाहीत. त्यावरून आपण किती दिवस भांडलो असू! चहा गार व्हायचा, शाई वाळायची, पण तू हटायचा नाहीस. ज्याला हसायचं त्याच्या तोंडावर हसावं, हे तुझं टुमणं. तो वाद तू अर्धाच टाकून गेलास. मला आता तुझं म्हणणं पटलंय. पण पटलं म्हणून सांगायला समोर माणूस लागतो ना रे.

आणि त्याच आठवड्यातला तो शुक्रवार. हिराबाय दर शुक्रवारी तुझ्यासाठी मासळी घेऊन यायची, शीव कोळीवाड्याहून, टोपली डोक्यावर, पाठ ताठ. छापखान्याच्या पायरीवर बसायची. वाडीतले शेजारी नाक धरायचे. त्यांच्या देखत मीही धरायचो आणि नंतर तुझ्या डब्यातली मांदेली खायचो. त्या दिवशी तिने तुझ्या स्टुलावरचा तो कागद पाहिला. ओलं बोट तिने माओरी बाईच्या हनुवटीवर टेकवलं. त्या बाईच्या हनुवटीवर रेघा गोंदलेल्या होत्या. मग तेच बोट तिने स्वतःच्या हनुवटीवर नेलं, तिथल्या तीन हिरव्या ठिपक्यांवर.

"ही कोनाची रं?"

"लांबची आहे बाय. समुद्रापलीकडची."

"लांबची नाय ही. आमच्यावानीच गोंदलंय. अशी का बघते?"

तू तिला सगळं सांगितलंस. पाटी, जमीन, चटई. टोपलीवर फडकं बांधत ती ऐकत होती. टोपली उचलली, दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, "मंग आमच्याकडं पन येतील."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. तू मात्र त्या कागदाकडे बघत बसला होतास आणि टोकदार केलेली पेन्सिल पुन्हा टोकदार करत होतास.

आणि ते आले. वर्षसुद्धा झालं नव्हतं. कोळीवाड्याला लागून खाडीच्या अंगाला ते मोकळं खळं होतं ना, जिथं त्यांची जाळी आणि मासळी वाळायची, ते सरकारला हवं झालं. मोबदला काय, तर पोरांसाठी शाळा. त्याचा कागद आपल्याच छापखान्यात छापून झाला. अक्षरं दुसऱ्याने लिहिली, वरचा राणीसरकारचा मुकुट तेवढा तू दगडावर काढलास. कचेरीतला कारकून मला म्हणाला, "कोळी तुमच्या ओळखीचे, तुम्हीच वाचून दाखवा. शाळा उभी राहिली की तिची पुस्तकं तुमच्याकडेच छापू."

मी गेलो. सगळा वाडा खळ्यात जमला होता. कागदात लिहिलं होतं, 'शाळा, अथवा सरकारास योग्य वाटेल तो अन्य उपयोग'. मी 'शाळा' वाचलं. मग खाकरलो आणि पुढच्या ओळीवर गेलो. इतकं सोपं होतं ते, पास्कू. कारकुनाची पापणीसुद्धा हलली नाही. हे एक मी जाणतो आणि दुसरा तो, असंच मी इतके दिवस धरून चाललो होतो.

लिहिता न येणाऱ्याने निशाणी करायची, ही आपली जुनी रीत. शेतकरी असेल तर नांगर काढतो, कोळी असेल तर वल्हं. हिराबायचा नवरा दर्यात गेलेला, खळं वाड्यातल्या बायकांच्या हातात आणि बायकांत थोरली ती, म्हणून पहिली निशाणी तिची. टाक तिने जन्मात धरला नव्हता. मी माझ्या हातात तिचा हात घेतला आणि तिच्याकडून वल्हं काढून घेतलं.

"माजी नात शिकंल ना रं?" तिने विचारलं.

"शिकेल काय, मास्तरीण होईल," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे तू नेहमी म्हणायचास.

शाळेची एक वीट पडली नाही. खुंट्या ठोकल्या, कुंपण घातलं आणि तापाची साथ आली तशा तिथं पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आजारी माणसाच्या घरच्यांना डांबून ठेवायला. जाळी वाळवायला जागा राहिली नाही. हिराबाय शुक्रवारी यायची बंद झाली. तू एकदा शीवला जाऊन आलास, दगड पुढ्यात ओढलास आणि काढायला बसलास.

तीन दिवस तू ते चित्र काढत होतास. दगडावर सगळं उलटं काढायचं, आणि खिळ्याला टांगलेल्या आरशात बघून सुलटं ताडायचं, ही तुझी पद्धत. माणसांचे डोळे तू नेहमी शेवटी काढायचास. "डोळे काढले की ते माझ्याकडे बघायला लागतात," तू म्हणायचास, "मग हात चालत नाही." चित्र तेच होतं, पण आता आपल्याकडचं. साहेब, पाटी, गुंडाळलेलं खळं. समोर हिराबाय, टोपली डोक्यावर, हनुवटीवर तीन ठिपके. तिच्या ओठांत, पायांत, कुठेही चिमटा नव्हता. आणि त्या गुंडाळीचं दुसरं टोक उचलून धरलेला एक पगडीवाला, आपल्याकडे पाठ केलेला.

"ह्याला तोंड का नाही?" मी विचारलं.

"नको," तू म्हणालास. "ह्याचं तोंड नको." आणि हिराबायचे डोळे काढायला घेतलेस.

भ्यालो मी. दुसरं कारण नाही, उगाच शोभेचं काही सांगत नाही. चित्राखाली छापणाऱ्याचं नाव घालावं लागतं, कायदाच आहे. काढणाऱ्याचं नाव कोण विचारतो? त्या दिवसांत छापल्या शब्दापायी माणसं आत जात होती, आणि माझी पाचावर धारण बसली होती. तू जेवायला घरी गेलास तेवढ्यात मी दगडावर वाळू पसरली, पाणी ओतलं, वर दुसरा दगड ठेवला आणि गोल गोल घासत सुटलो. साहेब गेला, पाटी गेली, पगडीवाला गेला. शेवटी तिचे डोळे उरले. त्या करड्या पाण्यातून ते माझ्याकडे बघत होते. तेही घासले.

त्या दिवशी पायरी उतरून गेलेला तू महिन्याभराने परत आलास. "काम दे," एवढंच म्हणालास. त्या चित्राबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस आणि मी तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. लग्नाच्या पत्रिका काढल्यास, औषधांची लेबलं काढलीस. अधूनमधून विनोदही करायचास. मला वाटलं, विसरला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

मग तुला ताप भरला आणि इस्पितळात न्यायला डोली आली. मी गल्लीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो, जवळ येऊ देत नव्हते. तू डोलीतून हात बाहेर काढलास आणि हवेत गोल गोल फिरवलास, सावकाश, पुन्हा पुन्हा. मी समजलो निरोप घेतोस. मीही हात हलवला. डोली परळच्या रस्त्याला लागली तरी तुझा हात फिरतच होता.

तो निरोप नव्हता, हे मला परवा कळलं.

परवा एक जाहिरात छापायची होती, घरं चुन्याने धुऊन घ्या म्हणून सांगणारी. दगड कमी पडले तेव्हा तो घेतला. नुसती अक्षरं होती, बाकी कागद कोरा. पहिले पंचवीस-तीस कागद स्वच्छ निघाले. मग एका कागदाच्या कोऱ्या भागात तीन ठिपके दिसले. शाई उडाली असेल म्हणून दगड पुसला. पुढच्या कागदावर ठिपक्यांभोवती हनुवटी होती. त्याच्या पुढच्यावर ओठ. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, आणि मी घामाने गार पडलो.

आपल्या धंद्यात हे होतं, पास्कू. दगड शाईतली चरबी पितो, घाईने घासला तर जुनं चित्र खाली राहतं आणि पुढे कधीतरी वर येतं. हे मला ठाऊक आहे आणि मी ते स्वतःला मोठमोठ्याने सांगत होतो, रिकाम्या छापखान्यात, कुणीतरी ऐकतंय असं समजून. हात मात्र थांबत नव्हते. मी कागद लावत गेलो आणि ती येत गेली. टोपली आली. साहेबाचा कोट आला. डोळे, तुझ्या रीतीप्रमाणे, शेवटी आले.

मला वाटलं झालं आता. पण डोळे आल्यावरही एक जागा भरत होती, गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाशी. तिथं पाठ यायला हवी होती. पाठ आली नाही. पगडीखाली कपाळ आलं, चष्मा आला, डाव्या भिवईवरची खोक आली. कागद टाकून मी तुझ्या आरशाकडे वळलो, की दगडावर नक्की आहे तरी काय ते बघावं. आरशात दगड होता आणि दगडावर मी होतो. आणि दगडावर वाकलेला मी पण होतो. आरशातून दोघेही माझ्याकडे बघत होते.

मी तुझ्या स्टुलावर बसलो.

तू आधी मला समोरून काढलं होतंस. मग खरवडून माझी पाठ केलीस. वरची पाठ मी घासली, आणि खालचं तोंड दगडाने धरून ठेवलं. खळ्याचा तो कागद छापताना मुकुट काढायला दगड तुझ्याच पुढ्यात होता. उलटं वाचायची तुला इतकी सवय की सुलट्यावर अडखळायचास. 'अन्य उपयोग' तू आधीच वाचलं होतंस. नंतर शीवला गेलास आणि त्यांनी तुला सांगितलं असणार की रघुभाऊने फक्त शाळा वाचली. आणि डोलीतून गोल फिरणारा तुझा हात दगड घासत होता, म्हणजे तेही ओळखलं होतंस. सगळं ठाऊक होतं तुला, आणि तरी परत येऊन म्हणालास, काम दे.

काय म्हणू तुला? ज्याला हसायचं त्याच्या तोंडावर हसावं, असं जन्मभर सांगणारा माणूस तू. एकदाच, एका माणसासाठी, स्वतःचा शब्द फिरवलास आणि माझं तोंड झाकलंस. आणि मी तुझ्या जेवणाच्या वेळात तुझं तीन दिवसांचं काम वाळूने घासून टाकलं. मला तुझा इतका राग आलाय, पास्कू. एकदा कानाखाली वाजवायची होतीस. मैत्री अशी करतात का, समोरच्याला कळूही न देता?

काल मी दगड पुन्हा घेतला. जाहिरातीची अक्षरं पुसली, बाकीला हात लावला नाही. दाट शाई फिरवली तसं चित्र नीट वर आलं, थोडं करडं, धुक्यातून बघितल्यासारखं. माझ्या तोंडावर पाठ काढता आली असती, कशीबशी. नाही काढली. खाली छापणाऱ्याचं नाव घातलं. तुझ्या आरशात बघून, उलटं, माझ्याच हाताने लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, तू बघितली असतीस तर आठवडाभर चिडवलं असतंस. साप्ताहिकाच्या अंकात ते शनिवारी जाईल. मग जे व्हायचं ते होवो. भीती गेली असं नाही.

पण अंकाआधी एक प्रत घेऊन मी आज सकाळी शीवला गेलो. खळ्याच्या कुंपणाला टेकून हिराबाय जाळं शिवत बसली होती. मांडीवर एवढंसं जाळं, बाकीचं गुंडाळून ठेवलेलं, पसरायला जागा कुठाय? आत पत्र्याच्या झोपड्या, दारांत बसलेली माणसं. तिला तू गेलास ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिने सुई जाळ्यात टोचून ठेवली. "माजी मासली हातात घेऊन तिच्याशी बोलायचा," ती म्हणाली. "येडा व्हता."

मग मी कागद उलगडला. तिने स्वतःला लगेच ओळखलं, बोट हनुवटीवर गेलं. आठएक वर्षांची तिची नात मागून येऊन खांद्यावरून बघायला लागली. अक्षर न येणारी पोर, पण चित्र तिने असं वाचलं, डावीकडून उजवीकडे, एकेक जागा बोटाने दाबत. साहेब. पाटी. आपलं खळं. बोट पगडीवाल्यावर येऊन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

"आजी, ह्यो तोच."

हिराबायने मान वर केली. "ह्यो तू हायेस?"

"होय बाय," मी म्हटलं. "मीच."

आणि उभ्याउभ्या तिला त्या कागदातली ती ओळ म्हणून दाखवली, 'शाळा'पासून 'अन्य उपयोग'पर्यंत, सगळी. कागद हातात नव्हता, त्याची गरजही नव्हती. त्या दिवशी मी 'शाळा' एवढंच वाचलं, पुढचं गाळलं, आणि तिचा हात धरून वल्हं काढून घेतलं, हेही सांगितलं. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. कोळणीच्या शिव्या मी ऐकलेल्या आहेत.

नातीला तिने पुढे ओढून कुंपणापाशी बसवलं आणि मला म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. नात माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेली.